साळूबाईचं दार

“मग साळूबाई जेवत का नाही?” निरंजनबुवांनी विचारलं.

“तेच कळत नाही, महाराज,” विश्राम म्हणाला. “नातवंडांना पोटभर भरवते. स्वतः दोन घास चिवडते आणि उठते. आज सकाळी विहिरीपाशी चक्कर येऊन पडली. वैद्य म्हणतात, रोग काही नाही. पण असंच चाललं तर आठवडा काढणार नाही.”

नदीपलीकडे लढाई पेटली होती. गावंच्या गावं जळाली, आणि साळूबाईसारखी माणसं लेकरं कडेवर घेऊन मठात आली. त्याला आज नऊ दिवस झाले. त्यांचं सगळं हा शिष्यच बघत होता. नाव विश्राम, पण नऊ दिवसांत गडी धड खाली बसला नव्हता.

“मी त्यांना इकडची काडी तिकडे करू दिली नाही,” तो म्हणाला. “चुली मांडायला बंदी केली. बायांच्या हातातले झाडू काढून घेतले. त्यांच्याकडून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.”

“घोटसुद्धा नाही?”

“नाही, महाराज.”

“अरेरे...” म्हणत बुवा उठले.

साळूबाई पडवीत भिंतीला टेकून बसली होती. बुवा तिच्यासमोर जमिनीवरच बसले.

“माई, घरी जेवायच्या आधी काय करायचीस?”

“काय करनार? दारात जाऊन बघायची, रस्त्यानं कुनी उपाशी जातंय का. त्येला घास द्यायचा, मग आपन बसायचं. सासूनं लावलेली सवय.”

“आणि इथं?”

“हितं दार कुठाय, बुवा...”

बुवा उठले, पडवीला वळसा घालून मठाबाहेर गेले, आणि काठी टेकत पुन्हा आत आले.

“माई, लांबून आलोय. भूक लागलीय.”

साळूबाई त्यांच्याकडे बघत राहिली.

“चूल न्हाई,” ती हळूच म्हणाली.

बुवांनी अंगणातले तीन दगड उचलून आणले. म्हातारपणात धाप लागली त्यांना.

“महाराज, चुलीला बंदी...” विश्राम पुटपुटला.

“पीठ आण, तवा आण.”

साळूबाईने पहिली भाकरी थापली. ती तव्यावर टाकताना मोडली.

“मोडली...”

“मोडू दे. खायचीच आहे.”

दुसरी टम्म फुगली. बुवांनी हात पुढे केला, तशी ती डाफरली, “हात धुतले का?” बुवा निमूटपणे उठले आणि हात धुऊन आले. विश्रामला हसावं की रडावं कळेना.

बुवांनी दोन्ही भाकरी संपवल्या. तिसरी साळूबाईने स्वतःच्या तळहातावर घेतली. घास मोडला. तोंडाशी नेला, आणि तिची नजर विश्रामवर गेली. तो आमटीचा डाव हातात घेऊन उभा होता.

“त्यो?” तिने विचारलं. “नऊ दिस आमाला वाढतोय. त्येला कुनी वाढलं का?”

“माझं नंतर, आजी,” विश्राम म्हणाला. “अजून पंगत व्हायचीय.”

साळूबाईने घास खाली ठेवला.



“विश्राम,” बुवा म्हणाले, “डाव खाली ठेव. आणि हात धुऊन ये, ती विचारते.”