चेंडूतला पोचा

व्यायामशाळेत रॉकेलच्या बत्त्या जळत, त्या काळातली ही गोष्ट. टेबल टेनिसच्या एका चेंडूवर कुणाचा तरी पाय पडला आणि त्याला खोल पोचा पडला. चेंडूच्या आतल्या हवेत भिरक्या नावाचा एक इवलासा कण होता. त्याने आपल्या सोबत्यांसह पोच्याला धडक दिली. पोचा जागचा हलला नाही.

“मूठभर तर आहात तुम्ही,” पोचा हसला. “बाहेरून कुमक आणा, मग बघू!”

“चेंडूला साधी चीरही नाही. कुमक येणार कुठून?” भिरक्या हिरमुसला.

इतक्यात खेळ शिकवणाऱ्या शालनताईंनी चेंडू उचलला. त्या तो कचऱ्यात टाकणार होत्या, पण थबकल्या आणि त्यांनी तो कढत पाण्यात बुडवून धरला.

चेंडू तापला आणि भिरक्याच्या अंगात वारंच शिरलं! तो सुसाट सुटला. त्याचे सगळे सोबतीही सुटले. धाडधाड, धाडधाड! पोच्यावर धडकांचा नुसता मारा सुरू झाला.

“अरे, किती जण आणलेत?” पोचा किंचाळला आणि टक्कन बाहेर फेकला गेला. चेंडू पुन्हा गोल गरगरीत झाला.

“एकही नाही!” धावता धावता भिरक्या ओरडला. “मघाचेच आहोत, फक्त तापलोय!”