डाव्या बाजूची सीट

“…पण मी नेमकं कोणत्या गोष्टीला हो म्हणालो, बाबा? तेवढंच सांगा.”

दस्तगीरबाबा दर्ग्याच्या पायरीवर बसून लसूण सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण हो म्हणालं?”

“मी. विश्वासराव मोरबाळे.”

आजऱ्याच्या बाजूला हे नाव सांगितलं की लोक धावत खुर्ची आणतात. बाबांनी लसणाचा एक गड्डा पुढे सरकवला.

“सोल.”

विश्वासरावांच्या कपाळावर आठी आली. पण गरज होती, करता काय! टेकले पायरीवर.

सत्तरी ओलांडलेला गडी, पण मिशीचा पीळ कायम. घरात आजोबांची ठासणीची बंदूक, वडिलांची दुनळी आणि स्वतःची एक बारा बोअर. दसऱ्याला देवघरात देव मागे आणि बंदुका पुढे. शिकार बंद झाली तर यांनी बांधावर मडकी मांडून फोडली. उसात रानडुकरं शिरली की हवेत बार काढायला गावानं यांनाच हाक मारायची. असा सगळा थाट.

“हं, आता नीट सांग,” बाबा म्हणाले. बाबा कलेक्टरलासुद्धा अरे-तुरे करायचे, तिथं मोरबाळ्यांचं काय!

“माझा डावा कान गेलाय, बाबा.”

“कशानं?”

“बारांनी. उजव्या खांद्याला बंदूक लावली की डावा कान नळीकडं येतो. लोक कापसाचे बोळे घालतात. मी कधी घातले नाहीत. असली बायकी थेरं मोरबाळ्यांत चालत नाहीत.” हे सांगताना छाती जरा पुढे आलीच.

“कुणाला सांगितलंस, कान गेला म्हणून?”

“सांगतोय कुणाला? नेमबाज बहिरा झाला म्हटलं तर गाव दात काढील.”

“बायकोला?”

लसणाची पाकळी विश्वासरावांच्या बोटांत तशीच राहिली.

“…नाही.”

टेकडीवर वारा सुटला होता. लसणाची सालं उडून पायऱ्यांवर पसरली.

“दरवर्षी ऊस गेला की आम्ही जीप काढायचो,” विश्वासराव सांगू लागले. “विजापूर, बदामी, मुरूड… पोरं मागं झोपलेली. मी गाडी चालवणार आणि मालन माझ्या डावीकडं.”

“बहिऱ्या कानाशी.”

“हो… ती बोलायची. रस्ताभर बोलायची. इंजिनाच्या आवाजात उजव्या कानापर्यंत काही पोचायचं नाही. मी समोर बघून हं हं करायचो. कधी हं, कधी हो.”

“गाडी थांबवायचा नाहीस?”

“थांबवायचो की. किल्ल्यात तोफ दिसली की थांबायचोच. पोरांचे सगळे फोटो तोफेवर बसलेले आहेत बघा!”

बोलून गेले आणि मग त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. त्यांनी मान खाली घातली.

“मग?”

“मग पोरं गेली परदेशी. शेवटच्या खेपेला दोघंच गोकर्णाला गेलो. येताना घाटात तिनं काहीतरी विचारलं. मी नेहमीसारखा म्हणालो, हो. तर तिनं गिअरवरच्या माझ्या हातावर हात ठेवला, बाबा. घाट उतरेस्तोवर काढला नाही. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि तोंडावर हसू.”

“विचारायचंस, काय म्हणालीस म्हणून.”

“विचारलं असतं तर तिला कळलं असतं ना… ऐकू येत नाही ते.”

“हं.”

“पुढच्याच महिन्यात गेली.”

विश्वासराव खाकरून पुढे बोलू लागले, पण आवाजात पहिला रुबाब काही येईना.

“मी शब्द देऊन बसलोय, बाबा. आणि काय दिलाय तेच ठाऊक नाही. तिच्या बहिणीला लुगडं नेसवलं. तिच्या माहेरच्या देवळात समई दिली. मग वाटलं, बंदुका सोडा म्हणाली असेल… तिन्ही बंदुका ठाण्यात जमा करून आलो. भिंतीवर नुसत्या खुंट्या राहिल्यात. तरी मन म्हणतं, हेही नव्हे. मी असाच मेलो तर वर तिला तोंड कसं दाखवू? लोक म्हणतात तुम्हाला मनातलं कळतं. तिनं काय मागितलं तेवढं सांगा.”

“मला कुठलं कळतंय? मी फकिरी घेण्याआधी ट्रक चालवत होतो,” बाबा म्हणाले आणि हात झटकून उठले. “चल. किल्ली दे.”

“कसली?”

“जीपची.”

आता ही जीप म्हणजे विश्वासरावांचा जीव की प्राण. पोटच्या पोरालाही त्यांनी कधी चालवू दिली नव्हती. पण बाबांनी हात पुढे केला तो मागे घेईनात. शेवटी किल्ली द्यावी लागली.

बाबा उजवीकडे चढले. विश्वासराव क्षणभर दारापाशी घुटमळले, मग डावीकडे जाऊन बसले. स्वतःच्या जीपमध्ये ते त्या बाजूला आयुष्यात पहिल्यांदाच बसत होते.

समोर धरायची लोखंडी दांडी होती. तिला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली, आणि एका जागी ती पट्टी धरून धरून विटलेली. इतक्या वर्षांत ही पट्टी त्यांना दिसली नव्हती. त्यांनी बरोबर त्या विटलेल्या जागी हात ठेवला.

बाबांनी समोरचा कप्पा उघडला. आत एक डबी होती आणि डबीत कापसाचे बोळे, वातीसारखे नीट वळलेले.

“हे काय रे?”

“…तीच ठेवायची. वाटेत कुणा दोस्ताच्या रानात बार काढायला उतरलो तर माझ्या कानांसाठी. मी फेकून द्यायचो. ती पुन्हा वळून ठेवायची.”

बाबांनी दोन्ही कानांत बोळे कोंबले. वरून डोक्याचं हिरवं फडकं कानांवर घट्ट आवळलं आणि गाडी सुरू केली. जुनं इंजिन, ते काय ओरडायला लागलं म्हणता!

“बोल,” बाबा म्हणाले.

“काय बोलू?”

“हं.”

“अहो, मी विचारतोय काय बोलू?”

“हं.”

“थट्टा लावलीय का माझी?”

“हो,” बाबा म्हणाले. त्यांची नजर रस्त्यावरून हलली नाही.

विश्वासराव संतापले. तोंड फिरवून बाहेर बघू लागले. गाडी वळणं घेत टेकडी उतरू लागली. डावीकडे खाली सगळं खोरं उघडं पडलं होतं. उसाची रानं, मधोमध नदी आणि नदीवर वाकलेली बांबूची बेटं. गाडी चालवणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्यांना वाटलं, मालन हे दाखवत असेल. अहो, ते बघा, म्हणत असेल.

“नदीला पाणी कमी आहे यंदा,” ते सहज म्हणाले.

“हं.”

“सकाळचा चहा मीच करतो आता. साखर कमी पडते, नाहीतर जास्त होते. तिचं माप मला कधी कळलंच नाही.”

“हं.”

“दुपारी घर खायला उठतं…”

“हं.”

आणि मग बांध फुटावा तसे विश्वासराव बोलत सुटले. आजारपणात तिचे पाय चेपायला लाज वाटली ते बोलले. गोकर्णाच्या समुद्रात तिला हात धरून पाण्यात जायचं होतं, आणि चार लोक बघतील म्हणून आपण काठावरच उभे राहिलो, ते बोलले. पोरांना फोनवर सांगितलं नाही, आरशासमोर सांगितलं नाही, ते सगळं त्या फडकं बांधलेल्या कानाशी सांगितलं. बाबांना यातलं अक्षर ऐकू जात नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याचंच बळ येत होतं.

शेवटचं वळण आलं. विश्वासरावांनी बाहेर बघत अगदी हळू विचारलं,

“बाबा… मला ऐकू येत नाही, हे तिला माहीत होतं का हो?”

“हो,” बाबा म्हणाले.

ऐकून म्हणाले नव्हते. विश्वासरावांना ते कळत होतं. तरी त्यांचा हात आपोआप गेला आणि गिअरवरच्या बाबांच्या हातावर पडला. तो त्यांना काढवेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ओठ हसायला बघत होते.

बाबांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं. फडकं सोडलं, एक बोळा काढला, मग दुसरा काढला. सगळं अंग वळवून ते विश्वासरावांकडे तोंड करून बसले.

“ऐकू आलं नाही, बेटा… काय विचारलंस?”