तांब्याची माया

फार वर्षांपूर्वी एका खिडकीत तुळशीशेजारी बुटक्या जातीचं जिरेनियम राहत असे. वेणूताई पूजेनंतर तुळशीला पाणी घालत आणि तांब्यात उरलेलं पाणी जिरेनियमच्या कुंडीत ओतत.

"अहो तांब्याकाका, पुरे! कालच्या पाण्यानेच माती अजून ओली आहे," जिरेनियम रोज ओरडे.

"पी रे बाळा, वाढ खुंटलीय तुझी."

"खुंटली नाही हो! आमची जातच बुटकी!"

पानं पिवळी पडली. "बघ, तहानलंय लेकरू," म्हणत तांब्याने आणखी ओतलं.

एक दिवस तांब्या गळू लागला, म्हणून तो तांबटाकडे गेला. इकडे कुंडीतली माती सुकली आणि जिरेनियम लालभडक फुलांनी भरून गेलं.

डाग लावून, भोक बुजवून परतलेल्या तांब्याला फुलं पाहून गहिवरून आलं.

"माझ्या कष्टांचं चीज झालं," तो म्हणाला, आणि आनंदाने अख्खा कुंडीत रिकामा झाला.