रिकामं आकाश

"पण ही ऊब कुणाची, हे तू कसं ठरवलंस?"

"कुणाची म्हणजे काय, ताई? ताऱ्याचीच!"

शार्दूलने संगणकाचा पडदा वेणूताईंकडे वळवला. मधोमध एक म्हातारा, थंड होत चाललेला लाल तारा. त्याच्याभोवती गरम धुळीची केवढी तरी झळाळी! साध्या प्रकाशात कधीच न दिसलेली. उष्णता टिपणाऱ्या अवरक्त किरणांत मात्र लख्ख.

टेकडीवरच्या या वेधशाळेत तो तीन वर्षं ताईंच्या हाताखाली शिकत होता. उद्या सकाळी तो हा शोध जगाला कळवणार होता. झोप तर केव्हाच उडाली होती.

"दुर्बीण किती वेळ ताऱ्यावर होती?"

"सगळा वेळ! इकडेतिकडे एक क्षणसुद्धा वाया घालवला नाही."

"वा! फारच काटकसरी बुवा तू."

ताई उठल्या आणि त्यांनी दुर्बिणीच्या अवरक्त कॅमेऱ्यासमोर आपला सुरकुतलेला तळहात धरला.

पडदा पांढराफटक झाला.

"हा कुठला तारा रे?"

शार्दूलला हसू आलं. "ताई, तुमचा हात आहे तो. ज्यात ऊब आहे ते सगळंच यात चमकतं."

"सगळंच?"

"हो, सगळं..."

तो थबकला. दुर्बीण उबदार होती. दिवसभर तापलेला घुमट उबदार होता. वरची हवासुद्धा...

"आता दुर्बीण ताऱ्याच्या शेजारी वळव," ताई म्हणाल्या.

"तिथे काहीच नाही."

"म्हणून तर."

त्याने वळवली. रिकाम्या आकाशातही तीच झळाळी होती. तितकीच लख्ख.

शार्दूलचा चेहरा उतरला. "म्हणजे मी इतके दिवस..."

"वजा कर."

त्याने ताऱ्याच्या चित्रातून रिकामं आकाश वजा केलं. झळाळी विझली. ताऱ्याचा ठिपका सोडला तर पडदा काळाकुट्ट. उद्याची सकाळही झळाळीबरोबरच गेली.

...

आणि मग ती दिसली. ताऱ्याच्या अंगाला चिकटून, फक्त एका बाजूला, धुरासारखी पुसट कमान. जणू ताऱ्याने नुकताच सोडलेला श्वास.

"ताई! ताई, हे बघा! एकाच बाजूला!"

उठताना त्याची खुर्ची उलटली. त्याने पुन्हा तारा टिपला, पुन्हा रिकामं आकाश टिपलं, पुन्हा वजा केलं. कमान हलली नाही!

ताईंनी चष्मा वर सरकवला. पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की नाक टेकायचंच बाकी राहिलं. त्यांचेही डोळे लकाकत होते.

"हे मी शोधलं, ताई! मी!"

ताईंनी पडलेली खुर्ची उचलून सरळ केली.

"मग अजून थोडं वजा करायचं राहिलंय."