बकुळाचं बोरन्हाण

आता रडणं पुरे, शमे. उद्या संक्रांत, तुझं बोरन्हाण ठरलेलं, आणि आजच ताप आला. आला तर आला! मला काय विचारून आला तो? पाय पांघरुणात घे. सदू, तूही ये इकडे, पण चुळबूळ करायची नाही. गोष्ट सांगते.

एका राजाला एकच लेक होती. नवसासायासाची. नाव बकुळा, आपल्या शमीएवढीच. राजा भला माणूस, पण राणीपुढं त्याचं काही चालायचं नाही. आणि राणी मुलखाची भित्री. पोर नुसती शिंकली तरी हिच्या छातीत धस्स व्हायचं. तर एकदा काय झालं, ऐन संक्रांतीत बकुळाला ताप भरला. अंगाला हात लावावा तर चटका बसे.

मग वैद्य आले, त्यांनी काढा दिला. ताप उतरला नाही. राजा देवीला साडीचोळी बोलला. ताप उतरला नाही. राणी उशाशी बसून राहिली. तिला जेवण सुचेना, डोळ्याला डोळा लागेना. बकुळा मात्र एकच विचारायची, "आई, माझं बोरन्हाण कधी?"

बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत करता येतं, बरं का. ती गेली की गेलं वर्ष. राणी म्हणाली, करून टाकू, पोरीला तेवढंच बरं वाटेल. पण तिनं काय केलं ठाऊक आहे? दारं लावली, खिडक्या लावल्या, फाटकाला अडसर घातला. का, तर वारा येईल, गावची पोरं येतील, कुणाची नजर लागेल.

बाकी सगळं केलं हं तिनं. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, हलव्याच्या बांगड्या. पाटावर बसवून औक्षण केलं आणि डोक्यावरून बोरं, शेंगा, चुरमुरे, उसाचे करवे ओतले. सगळं टपटप खाली पडलं, आणि पडूनच राहिलं. लुटणार कोण? बोरन्हाण म्हटलं की पोरांची झुंबड हवी, आरडाओरडा हवा! इथं राणीनं एकेक बोर स्वतः वेचलं, चांदीच्या डब्यात भरलं आणि डबा उशाशी ठेवला. माझ्या लेकीच्या अंगावरचं आहे, बाहेर कशाला जाऊ देऊ? संध्याकाळी बघते तर ताप वाढलेला.

मग थोड्या दिवसांनी पुन्हा घाट घातला. या खेपेला दासींना लुटायला लावलं. त्या बिचाऱ्या राणीच्या धाकात. अदबीनं वाकल्या, दोन-दोन बोरं उचलली आणि परत त्याच डब्यात टाकली. कुणी हसलंसुद्धा नाही. बकुळानं डोळे मिटून घेतले. ताप आणखी चढला.

शमे, कपाळ बघू. हं. आहे अजून. असू दे.

मग उजाडली रथसप्तमी. बकुळा आता बोलेना. पाटावर बसवली तर मान धरेना. राणीनं तिला मांडीवर घेतलं. वैद्य तोंड फिरवून उभे राहिले. तरी राणीनं बोरं, चुरमुरे, सगळं ओतलं.

तेवढ्यात दाराच्या फटीतून आली एक मुंगी. तिनं एक चुरमुरा धरला, आपल्याहून मोठा, आणि ओढत ओढत दाराबाहेर नेला. इकडे बकुळाचा पाय राणीच्या हातात होता. त्या पायाची करंगळी भाजत होती, ती निवली. राणीला वाटलं, भास झाला. मग दुसरी मुंगी आली, दुसरा चुरमुरा गेला. शेजारचं बोट निवलं. तिसरी आली, तिसरं निवलं!

अगं बाई! राणीनं कपाळावर हात मारला. अंगावरून उतरलेलं मी घरातच कोंडलं की! लेकीचा ताप डब्यात भरून तिच्याच उशाशी ठेवला!

मग ती उठली. लेक कडेवर, डबा काखेत. खिडक्या उघडल्या. चिमण्या आल्या, चुरमुरे टिपून भुर्र. बकुळाचे पाय निवले. दारं उघडली. खारी आल्या, शेंगा घेऊन पळाल्या. हात निवले. कपाळ मात्र काही केल्या निवेना. मग राणी फाटकाशी आली. बाहेर गावच्या बाया आणि त्यांची पोरं होती. संक्रांतीपासून रोज येऊन बसायची बिचारी, झोळ्या पसरून. राणीचा हात अडसरावर थबकला.

ती आतूनच म्हणाली, "बायांनो, या बोरांत माझ्या लेकीचा ताप आहे. तुमच्या लेकरांना कसा देऊ?"

बाहेर सरसा कुंभारीण उभी होती, कडेवर तिचं तान्हं. ती म्हणाली, "राणीसाहेब, एवढा ताप एकट्या पोरीला जड जाणारच. एकेका बोराएवढा वाटून घेतला तर कुणाला काय होतंय? उघडा फाटक."

राणीला रडूच फुटलं. तिनं अडसर काढला आणि अख्खा डबा लेकीच्या डोक्यावरून उपडा केला. मग काय विचारता! पोरं नुसती तुटून पडली. कुणाचं डोकं कुणाच्या गुडघ्यावर आपटलं, एका करव्याला तिघं लोंबकळली. पळता पळता एकेकाचे कान जरासे तापले आणि घर येईतो निवलेसुद्धा. तेवढंच. आणि बकुळाच्या कपाळावर दरदरून घाम फुटला. तिनं डोळे उघडले. म्हणाली, "आई, मला खाली सोड. मलापण लुटायचंय."

मग राजा, राणी, बकुळा आणि सगळा गाव सुखानं नांदला. त्या फाटकाला पुन्हा कधी अडसर लागला नाही.

झाली गोष्ट. सदू तर घोरतोय बघ. शमे, तुझं बोरन्हाण तू बरी झालीस की करू, रथसप्तमी अजून लांब आहे. सकाळी आधी खिडकीत मूठभर चुरमुरे ठेवू, चिमण्यांना. आता सरक माझ्याकडे. कपाळ लाव माझ्या हाताला. एका बोराएवढा ताप मलाही दे, म्हातारीला तेवढा जड नाही. हं, अशी. झोप आता.