झटपट फ्लॉवर

एकदा एक प्रौढ गृहस्थ एका वृद्ध आचाऱ्याकडे फ्लॉवरच्या भाज्या शिकायला गेले. जन्मभर आयत्या पानावर बसून ‘मीठ जरा कमी आहे’ एवढे म्हणणे, हाच त्यांचा स्वयंपाकाचा अनुभव. पण पत्नी, शकुंतलाबाई, तीन महिने अंथरुणाला खिळल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, “आता त्यांना आवडेल ते खाऊ द्या.” शकुंतलाबाईंना फ्लॉवर फार आवडायचा. गृहस्थांनी ते वाक्य औषधाच्या चिठ्ठीसारखे जपून घरी आणले.

“बाबा, झटपट होईल आणि चवीला फक्कड होईल असं काहीतरी शिकवा,” डॉक्टरांचे वाक्य सांगून ते म्हणाले.

आचाऱ्याने हातचे काही राखले नाही. तुरे हळद-मिठाच्या कोमट पाण्यात ठेवावेत, निथळून मोठ्या आचेवर परतावेत, झाकण ठेवू नये, नाहीतर भाजीचा लगदा होतो. पहिल्या दिवशी आले-मिऱ्याची परतलेली भाजी झाली, दुसऱ्या दिवशी बेसन पेरून, मग ओल्या खोबऱ्याचा रस्सा, मग दह्यातली कोशिंबीर. पंधरा मिनिटांत पदार्थ तयार. गृहस्थ ताटली पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवत आणि कढई घासायला लगेच आत जात. बाहेर येत तेव्हा ताटली तशीच असे. मग दुपारी ते ती भाजी ओट्यापाशी उभ्यानेच संपवत. तिची चव त्यांना कळत नसे.

सहाव्या दिवशी ते आचाऱ्यासमोर मटकन बसले. “एक घास उतरत नाही हो तिच्या घशाखाली. माझंच काहीतरी चुकतंय. आणखी एखादा प्रकार सांगा.”

“मीच येतो घरी,” आचारी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो फ्लॉवरचा गड्डा घेऊन आला. गृहस्थांनी गॅस पेटवला, कढई चढवली. म्हातारा मात्र स्वयंपाकघराकडे फिरकलाच नाही. पलंगाशेजारी खुर्ची ओढून त्याने मांडीवर वर्तमानपत्र पसरले आणि एकेक तुरा हाताने मोडू लागला. सावकाश, जणू गावजेवण आणखी महिनाभराने आहे. इकडे तेल तापून धुरावले. गृहस्थ चिडून गॅस बंद करून दाराशी आले, तर शकुंतलाबाई क्षीण आवाजात बोलत होत्या.

“देठ टाकू नका, बाबा. कोवळे आहेत. ह्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा फ्लॉवर आणला, तो नुसता पानांचाच होता.”

आठवडाभरात त्या इतके बोलल्या नव्हत्या. गड्डा संपला तशी त्यांना ग्लानी आली. म्हाताऱ्याने तुरे पातेल्यात भरून ठेवले आणि चपला घातल्या.

“अहो, भाजी?” गृहस्थ अंगणात येऊन म्हणाले.

आचारी थांबला. “भाऊसाहेब, आवडेल ते खाऊ द्या, असं डॉक्टर केव्हा सांगतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाईंनाही ठाऊक आहे. त्यांचं जेवण संपलंय. कुठल्याही फोडणीनं ते परत यायचं नाही, आणि त्यात तुमचं काही चुकलेलंही नाही. मी झटपट शिकवलं, ते तुमचा वेळ वाचावा म्हणून. तुम्ही तो वाचवून कढई घासत बसलात. बाई तिकडे एकट्या पडून राहिल्या.”

गृहस्थांना रडू फुटले. एवढा मोठा माणूस, पण अंगणातल्या तुळशीपाशी उभा राहून हमसून हमसून रडला. म्हाताऱ्याने त्यांची समजूत काढली नाही. समजूत काढण्याजोगे काही उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी गृहस्थ नवा गड्डा घेऊन पलंगापाशी बसले. त्यांच्या हातून तुरे वेडेवाकडे मोडत होते. शकुंतलाबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “अहो, मला भीती वाटते.”

भाजीचे निमित्त करून उठावे, असे त्यांना क्षणभर वाटून गेले. ते उठले नाहीत.

“मलाही,” ते म्हणाले, आणि मांडीवरचा कागद बाजूला ठेवून त्यांनी शकुंतलाबाईंचा हात हातात घेतला. त्या दिवशी त्या घरात चूल पेटली नाही.