रिलीजचा चहा

"म्हणजे व्हर्जनचा आकडा आता कुणीच ठरवायचा नाही?" तांबोळी सरांनी विचारलं.

"कुणीच नाही, सर. प्रोग्रॅम ठरवेल." पद्मनाभने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

मिरजेत सरांच्या ओसरीवर दोघं बसले होते. मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सरांचं सॉफ्टवेअर बऱ्याच अंधशाळांत चालायचं, आणि ते पुढे वाढवायला सरांनी आपल्या या विद्यार्थ्याला हाताशी धरलं होतं. नवीन व्हर्जन काढायचं झालं की पद्मनाभने पुण्याहून यायचं, समोरासमोर बसून आकड्यावरून भांडायचं, चहा प्यायचा आणि मगच रिलीज करायचं, असा सरांचा शिरस्ता. फोनवर आकडा ठरवायला ते कधी तयारच झाले नाहीत.

हल्ली पद्मनाभला रजा मिळत नसे. म्हणून त्याने हा प्रोग्रॅम लिहिला, आणि लिहून झाल्यावर स्वारी चांगलीच हुरळली होती. सरांनी एकदा हो म्हटलं की झालं. खरं सांगायचं तर, एकदा शाबास म्हटलं की झालं. सरांची शाबासकी म्हणजे उंबराचं फूल, आणि हा गडी इतकी वर्षं त्यासाठी झुरत होता.

"त्याला कळतं कसं?"

"आपण प्रत्येक बदलाची नोंद लिहितो ना, ती तो वाचतो. चूक सुधारली असली तर व्हर्जनच्या तीन आकड्यांतला शेवटचा वाढवतो. नवीन काही घातलं असलं तर मधला."

"आणि जुनं चालेनासं झालं तर?"

"तर पहिला. मग रिलीजही स्वतःच करतो. आपण कुणी जवळ असायलाच नको."

सरांनी पडद्यावरच्या ओळी खालपर्यंत वाचल्या.

"छान केलंस," ते म्हणाले.

हेच ऐकायला तर पद्मनाभ आला होता. पण सरांनी ते त्याच्याकडे न बघता म्हटलं. आनंद व्हायचा तो बाजूलाच राहिला.

"एक नोंद मी लिहून बघू?"

"बघा की, सर. तुमचंच आहे."

सरांनी चष्मा वर सरकवला आणि सावकाश टाइप केलं:

पद्मनाभ यापुढे मिरजेला येणार नाही.

पडद्यावर भराभर ओळी सरकल्या आणि थांबल्या. सगळ्यात खाली उमटलं: दखल घेण्याजोगा बदल नाही. व्हर्जन तेच.

कपातल्या चहावर साय धरली होती.

"सर, त्याला... त्याला ठरलेले शब्दच कळतात. दुरुस्ती, भर, असे. तसा शब्द आधी लिहावा लागतो."

"मग मी कुठला लिहायला हवा होता?"

पद्मनाभ शब्द शोधू लागला. त्याला एक जुनं भांडण आठवलं. पहिला आकडा वाढवायचा की मधला, यावरून दोघांची अशी काही जुंपली होती की त्याची परतीची गाडी चुकली होती, आणि सर मनापासून हसले होते. ती गाडी पुन्हा चुकावी असं त्याला फार वाटलं. ही ओसरी आपण आपल्याच हाताने बंद करून आलो, हे त्याला आत्ता कुठे कळत होतं.

"मी येत जाईन, सर," तो कसाबसा म्हणाला. "रिलीज नसलं तरी येईन."

सरांनी लॅपटॉप हळूच त्याच्यापुढे सरकवला.

"तसं लिही. बघू, आकडा हलतो का."